नायिका असलेले सुपरहिरो चित्रपट प्रेक्षकांना आवडत नाहीत, हे खरं आहे का?

नाही, कमाईचे आकडे तसं म्हणत नाहीत. 'वंडर वुमन'ने (2017) जगभरात सुमारे 82 कोटी डॉलर कमावले, 'कॅप्टन मार्व्हल'ने (2019) 113 कोटींच्या आसपास. 'वंडर वुमन'ला अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारी आलेल्या प्रेक्षकांत साधारण निम्म्या स्त्रिया होत्या, म्हणजे उरलेले निम्मे पुरुषच की! त्यातली नायिका डायना खंदकातून वर चढून एकटी गोळीबारात चालत जाते, तो प्रसंग लोकांना आवडला तो नीट रचलेला होता म्हणून.

हा समज मुळात स्टुडिओवाल्यांचा. सुपरहिरोंच्या कथा आणि चित्रपट काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचे तेव्हाचे प्रमुख आयझॅक पर्लमटर यांचा 2014 मधला एक ईमेल पुढे फुटला, त्यात नायिकांचे चित्रपट कसे आपटतात याचे दाखले म्हणून 'कॅटवुमन' (2004), 'इलेक्ट्रा' (2005) आणि 'सुपरगर्ल' (1984) यांची यादी होती. तिन्ही पडले हे खरंच, पण 'कॅटवुमन'ची पटकथा कुठल्याही नटाला घेऊन बुडाली असती. पुरुष नायकाचा चित्रपट पडला की खापर दिग्दर्शकावर फुटतं, बाईचा पडला की बाईपणावर.

एक मात्र लक्षात घ्या: 'कॅप्टन मार्व्हल'चं यश निव्वळ तिचं नव्हे. मार्व्हलच्याच 'इन्फिनिटी वॉर' आणि त्याचा पुढचा भाग 'एंडगेम' या गाजलेल्या चित्रपटांच्या मधोमध तो आला, त्यामुळे उत्सुकता आयतीच मिळाली. पुढचा 'द मार्व्हल्स' (2023) 20 कोटींच्या आसपासच अडकला. अर्थात त्याच वर्षी पुरुष नायकाचा 'द फ्लॅश'ही सपाटून आपटला होता.