जास्त खाणं आवरत नाही म्हणून डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली आहे. घ्यावी का? वजन उतरेल का?

वजनाचं आधी सांगतो. त्या आशेवर घेणार असाल तर पदरी निराशाच येईल. मी वर्षभर फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनचीच गोळी घेतली आणि दोन किलो उतरलो. ते दोन किलो दादा आजही मला ऐकवतो.

पण मी वजनासाठी गेलोच नव्हतो. रात्री दीडला स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवायचो आणि मग बिस्किटांचा पुडा फोडायचो. कागदाची चुरचुर पाण्याच्या आवाजात दबावी म्हणून. चव तिसऱ्या-चौथ्या बिस्किटाला संपलेली असायची, पोट दुखायला लागायचं, हात मात्र थांबत नसे. कागद घडी करून ऑफिसच्या बॅगेत. एकदा चार्जर शोधताना दादाला ते सापडले. त्याने अकरा कागद टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाला, "याला आजार म्हणत नाहीत, खादाडपणा म्हणतात. एक वेळ जेव, आपोआप सुटेल."

एक वेळ जेवून बघितलं. रात्री दोन पुडे.

आजार म्हणतातच. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत २०१३ पासून 'बिंज ईटिंग डिसऑर्डर', म्हणजे ताबा सुटून खात राहण्याचा आजार, असं स्वतंत्र निदान आहे. आठवड्यातून एकदा तरी आणि सलग तीन महिने, असा हिशेब आहे त्यात. माझं आठवड्यातून चारदा चालायचं.

गोळी वीस मिलिग्रॅमवर सुरू झाली, पुढे साठवर गेली. पहिले पंधरा दिवस मळमळ आणि झोपेचं खोबरं, दुसरं काही नाही. पाचव्या आठवड्यात एका रात्री पुडा फोडला, चार बिस्किटं खाल्ली आणि झोपलो. सकाळी बघतो तर पुड्याला रबरबँड लावलेला. मीच लावला होता. मी तो पुडा हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. खावंसं वाटणं गेलं नव्हतं, पण वाटणं आणि खाणं यांच्यात बोटभर फट पडली होती.

मग दादाचं ऐकलं. "किती दिवस गोळ्यांच्या कुबड्या?" डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली. तीन आठवडे काहीच झालं नाही, म्हटलं दादाच बरोबर होता. पण हे औषध शरीरातून निघायलाच काही आठवडे घेतं. पाचव्या आठवड्यात नळ पुन्हा सुरू! दुसऱ्यांदा मात्र गोळीबरोबर थेरपी, म्हणजे बोलून करायचे मानसोपचार, घेतली, आणि खरं सांगायचं तर तिचा वाटा मोठा. तिथला पहिला नियम काय, तर दुपारचं जेवण चुकवायचं नाही. म्हणजे 'एक वेळ जेव'च्या नेमकं उलट. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री भडका उडतो. हे मी दादाला तीनदा समजावलंय. तो स्वतः रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो, त्याला कुबडी म्हणत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ असतील तर घ्या, आणि थेरपीचंही विचारा. तुम्हाला कुठली गोळी दिलीय ते लिहिलेलं नाही, म्हणून सांगतो, सगळ्या सारख्या नसतात. मिर्टाझापिनने भूक उलट वाढते. खाऊन मुद्दाम उलटी काढत असाल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही, आकडी (फिट) येण्याचा धोका असतो. वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्या कुणीतरी लक्ष ठेवावं, कारण त्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. घरात कुणाला बायपोलर, म्हणजे मनःस्थितीत टोकाचे चढउतार होण्याचा आजार, असेल तर तेही आधीच सांगा.

आणि कागद लपवत असाल तर डॉक्टरांना तेसुद्धा सांगा. मी पहिल्या दोन भेटींत "भूक जरा जास्त लागते" एवढंच म्हणालो होतो, आणि त्यांनी मला थायरॉइडची तपासणी करायला पाठवलं होतं.