पैठणीची उलटी बाजू

प्रश्न : पेशवेकाळावरील एक चित्रपट आम्ही नाशिकला सहकुटुंब पाहिला. माझे वडील येवल्यात अनेक वर्षे हातमागावर बसलेले. नायिकेचा एक नाच चालू असतानाच ते म्हणाले, ‘‘ही पैठणी त्या काळची नाही.’’ पडद्यावर पाहून त्यांना हे कसे कळले असेल?
(एक वाचक, येवला)

उत्तर : नाचात नायिकेचा पदर उलटला असेल, तेव्हाच आपल्या वडिलांना ते कळले असावे. हातमागावरच्या अस्सल पैठणीत नक्षीतील प्रत्येक रंगाचा धागा हाताने वेगळा गुंफून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो, त्यामुळे तिची सुलट आणि उलट बाजू जवळजवळ सारखीच दिसते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उठवणाऱ्या यंत्रावर, विणलेल्या स्वस्त साडीच्या पाठीला मात्र मोकळे धागे लोंबत राहतात. जॅकार्डचे यंत्रच मुळी फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास तयार झाले. १७४० साली निवर्तलेल्या थोरल्या बाजीरावांच्या वाड्यात त्यावर विणलेली साडी कोणी नेसली असणे शक्यच नाही.

जरीचेही तसेच आहे. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली जुनी जर दिव्याच्या उजेडात मंद उजळते, तर हल्लीची प्लास्टिकची जर प्रखर दिव्यांखाली नुसती चकाकते. रंगांविषयी मात्र थोडे सावध राहावे. रासायनिक रंगांचा शोध १८५६ सालचा असला, तरी त्यापूर्वीचे कपडे मातकट होते ही समजूत, जिच्यामुळे अलीकडे अख्खे चित्रपट तपकिरी छटेत न्हाऊन निघतात, साफ चुकीची आहे. कुसुंब्याचा गुलाबी आणि निळीचा निळा हे चांगले भडक रंग होते. कुसुंब्याचा रंग उन्हात आणि धुण्यात विटे, एवढेच.

आमच्या मते याहून मोठी चूक वेगळीच आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चित्रपटातील वाड्यात चुलीपुढची बाई, पाणी भरणारी कुणबीण आणि देवघरातील मालकीण अशा तिघीही भरजरी नेसून वावरतात, आणि तिघींच्या साड्यांची इस्त्रीही मोडलेली नसते. रोजचे लुगडे, सणाचे लुगडे आणि सोवळे हा भेद पुसला, की त्या घराची सगळी रीतच पुसली जाते. वेशभूषाकारांना पैशांची अडचण असते हे आम्हांस मान्य आहे. एका अस्सल पैठणीला महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा मागच्या गर्दीला यंत्रावरची साडी नेसवली तर तक्रार नाही. पण साध्या सुती लुगड्याला कितीसा खर्च येतो? शिवाय चांदवडच्या रंगमहालातील भित्तिचित्रे आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने १७९० च्या दशकात पुण्यात काढलेली तैलचित्रे पाहिली, तर पगडी आणि अंगरखा यांविषयी अंदाज बांधत बसण्याची गरज उरत नाही.

प्रश्न : २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या प्रसंगावर आम्ही महाविद्यालयात लघुपट करीत आहोत. प्रेक्षकांतील लोकांना खादी आणि गांधी टोपी द्यावी काय?
(एक विद्यार्थिनी, नाशिक रोड)

उत्तर : देऊ नये. गांधी टोपी रूढ झाली ती १९२० च्या आसपास असहकाराच्या चळवळीत. १९०९ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेच्या लढ्यात गुंतलेले होते. पगड्या, फेटे, काळ्या गोल टोप्या, उपरणी, आणि धोतरावर बंद गळ्याचे लांब कोट असा मेळ ठेवावा. त्या काळची छायाचित्रे अनेक जुन्या कुटुंबांत जपलेली आहेत, ती मागून पाहावीत. त्या रात्री रंगमंचावर ‘शारदा’ चालू होते. ते सामाजिक नाटक असल्याने पात्रांचे कपडेही प्रेक्षकांच्या घरातल्यासारखेच हवेत, फक्त जरा उठावदार. आणि स्त्रीभूमिकेतील लुगडे पुरुष नटानेच नेसलेले असावे, हे विसरू नये.