आधी बंदर, मग पडदा

प्रिय बाय,

शार्क फिनिंगची चित्रफीत दाखवल्यावर तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाचा, मुलगा वर्गातून उठून गेला, दुसऱ्या दिवशी त्याची आई मुख्याध्यापकांकडे आली, आणि आता हा विषयच सोडू का, असं तू विचारतेस. सोडायचा नाही. पण आधी बंदर, मग पडदा.

चित्रफितीतलं सगळं खरं आहे. शार्कचे पर कापून जिवंत धड पाण्यात ढकलतात, पोहता न आल्याने ते तळाला जाऊन गुदमरतं. परांच्या सुपासाठी चालणाऱ्या या व्यापाराने जगभर शार्कचा विध्वंस केला. पण तुझ्या मुलांच्या घरी मुशी, म्हणजे आपली शार्क, अख्खी येते. मोरीचं, म्हणजे मुशीचंच, मटण खाऊनच ती शाळेत येतात. आपल्याकडे मुशी बहुतेक वेळा दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात सापडते, मांसासकट विकली जाते. पर अंगाला असतानाच मुशी किनाऱ्यावर आणायची, हे धोरण २०१३ मध्ये आलं. २०१५ मध्ये परांची निर्यात बंद झाली. तरीही मुशी घटतेय. का, ते पडद्यावर दिसणार नाही. तिथे फक्त परक्या माणसाचा सुरा दिसतो, आणि त्या सुऱ्यात मुलाला आपला बाप दिसला.

म्हणून बंदरावर ने. लिलाव उरकला की मावश्यांना विचारून मुलांना मुशी बघू दे. पोटाकडच्या परांपाशी बोटांसारखे दोन अवयव असले तर नर, नसले तर मादी. हे सहावीतल्या मुलालाही ओळखता येतं. मग पिल्लू उलटं करून दाखव. छातीच्या दोन परांमध्ये बेंबीचा वण ओला असेल, तर ते नुकतंच जन्मलंय. कितीतरी जातींच्या मुशी अंडी घालत नाहीत, पिल्लं पोटात वाढवतात. वयात यायला अनेकींना वर्षानुवर्षं लागतात आणि पिल्लं मोजकीच होतात. बांगडा दर हंगामात भरून निघतो, ही निघत नाही. सगळ्या मुशी सारख्या नाहीत, हेही सांग. आपली लहान, टोकदार तोंडाची मुशी लवकर वयात येते. जात, लांबी, नर की मादी, एवढं वहीत लिहायला लाव. तो वण पाहिलेल्या मुलाला तुला काही पटवून द्यावं लागत नाही.

मी नोकरीत असताना भित्तिचित्रांच्या स्पर्धा नाकारल्या. वरिष्ठ नाराज झाले, माझी मुलं जिल्ह्याच्या बक्षिसांना मुकली. आजही मला ते योग्यच वाटतं. रडणाऱ्या शार्कचं चित्र काढून मूल घरी जातं आणि बापाशी बोलेनासं होतं. काय उपयोग? बापाशी बोलणारं मूल हवंय मला!

गुजरातकडे बघ. व्हेल शार्कची शिकार २००१ मध्ये कायद्याने बंद झाली, पण मच्छीमारांचं मन वळलं ते २००४ पासूनच्या मोहिमेने. कथाकार मोरारी बापूंनी तिला बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हटलं. ज्यांनी तिला मारलं होतं, तेच स्वतःची महागडी जाळी कापून तिला सोडू लागले. त्यांना कोणी खुनी म्हटलं नव्हतं.

खंत एकच आहे. करवत माशाची करवत मुलांना दाखवता येते, जुन्या घरांत ती भिंतीवर आहे. जिवंत मासा जवळजवळ दिसेनासा झालाय, तो एकाही वर्गाला दाखवता आला नाही. तू तरी उशीर करू नकोस.

त्या आईला भेट. माफी मागायला नको, वाट विचारायला जा: कोणत्या होडीला मुशी येते, कधी येते. तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. १ एप्रिल २०२३ पासून संरक्षित जातींची यादी बरीच वाढली आहे. वन खात्याकडून ती चित्रांसह मागून घे, कारण तांडेलही तेच विचारतील. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर पालकांच्या सह्या घेऊन सुट्टीच्या दिवशी ने. एप्रिलमध्ये परीक्षा लागतील, १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढल्या जातील. येता शनिवार धर.