बेलफास्टच्या भिंतीवर सही करण्याआधी बॉम्बे स्ट्रीटवर जा

डब्लिनला आलेल्या आई-बाबांना एका दिवसात बेलफास्टची ‘पीस वॉल’ (कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांना वेगळं करणारी भिंत) दाखवता येईल का, भीती नाही ना, आणि भिंतीवर नाव लिहिलं तर चालतं का, असं तुम्ही विचारलंय. मी तीनदा जाऊन आलोय, एकदा सासू-सासऱ्यांना घेऊन.

आधी व्हिसा बघा. वाटेत कोणी पासपोर्ट विचारत नाही म्हणून लोक बिनधास्त जातात, पण बेलफास्ट यूकेमध्ये येतं. आई-बाबांच्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटन-आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना) असं छापलेलं असेल तर ते जाऊ शकतात. तुम्ही मात्र आयर्लंडचे रहिवासी, तुम्हाला यूकेचा व्हिसा वेगळा लागेल. इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते.

दिवसा भीती नाही. फक्त ११ आणि १२ जुलै टाळा, तेव्हा प्रॉटेस्टंट वस्त्यांत होळ्या पेटतात, मिरवणुका निघतात. सेल्टिक (कॅथलिकांचा) किंवा रेंजर्स (प्रॉटेस्टंटांचा) या फुटबॉल क्लबांची जर्सी घालू नका, तिथे ती जातीच्या दाखल्यासारखी वाचली जाते.

आता भिंत. कॅथलिकांचा फॉल्स रोड आणि प्रॉटेस्टंटांचा शँकिल रोड यांच्यामध्ये कुपार वे आहे, तिथली सगळ्यात प्रसिद्ध. खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, त्यावर जाळी. जसजशा वस्तू वरून पलीकडे फेकल्या जाऊ लागल्या तसतशी उंची वाढली. १९६९मध्ये दोन्ही समाजांत दंगली पेटल्यावर ब्रिटिश लष्कराने काटेरी तारा लावल्या, तेव्हा तिथल्या सैन्याचे प्रमुख जनरल फ्रीलंड म्हणाले होते की हे अगदी तात्पुरतं आहे, इथे बर्लिनसारखी भिंत होणार नाही. बर्लिनची २८ वर्षांत पडली. इथे १९९८चा शांतता करार झाला, २०२३पर्यंत सगळ्या भिंती काढू असं २०१३मध्ये सरकारने जाहीरही केलं, पण बहुतेक भिंती आहेत तिथेच आहेत. लगतच्या घरांतले बरेच जण म्हणतात, राहू दे अजून.

टॅक्सीवाले थांबवतात ती शँकिलची बाजू. पहिल्या खेपेला मीही तिथे मार्करने ‘जय महाराष्ट्र’ लिहून फोटो काढला. पलीकडे काय आहे हे विचारायचं सुचलंच नाही.

पलीकडे बॉम्बे स्ट्रीट आहे. होय, आपलंच बॉम्बे. ब्रिटिश राजवटीतली नावं, शेजारी काश्मीर रोड, लखनौ स्ट्रीटही आहेत. १५ ऑगस्ट १९६९ला प्रॉटेस्टंट जमावाने कॅथलिकांची ही गल्ली जाळली. आज तिथे नीटनेटकी विटांची घरं आहेत आणि त्यांच्या परसावर, थेट भिंतीला टेकून, लोखंडी जाळीचे पिंजरे. सासरे म्हणाले, “माकडांसाठी का रे?” त्यांच्या गावाकडे पडवीला तशीच जाळी आहे. मी सांगितलं, पलीकडून विटा-बाटल्या येतात त्यासाठी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पिंजऱ्याखाली लहान मुलाचे कपडे वाळत होते, त्यांकडे बघत राहिल्या.

म्हणून टॅक्सी ठरवतानाच सांगा, दोन्ही बाजू दाखवायच्या. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या बाजूचं रंगवून सांगतो, ते गृहीत धरा. दोन्हीकडचे माजी कैदी अर्धा-अर्धा रस्ता चालत दाखवतात, तसाही फेरफटका मिळतो. आई-बाबांचे गुडघे ठीक असतील तर तोच घ्या. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या लानार्क वे या रस्त्याचं फाटक संध्याकाळी बंद होतं, नंतर वळसा पडतो.

मार्कर टॅक्सीवाला देतोच, वेगळा नेऊ नका.