आई-वडिलांसाठी घरातल्या घरात चालणारा व्हॉइस असिस्टंट: वाचकांचे प्रश्न

आई-बाबा नाशिकला एकटे असतात. त्यांचं बोलणं बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ नये. काय काय घ्यावं लागेल?

मुख्य सॉफ्टवेअर होम असिस्टंट. घरातले दिवे-उपकरणं तेच चालवतं. ते रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या संगणकावर आरामात चालतं, पण मराठी ऐकून लिहून घेणं त्या संगणकाला झेपत नाही. हे काम व्हिस्पर हे बोलणं ओळखणारं सॉफ्टवेअर करतं. त्याची टायनी, बेस, स्मॉल ही लहान मॉडेल्स मराठी शब्दांची मोडतोड करतात. मीडियम किंवा लार्ज लागतं. म्हणून ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेला जुना डेस्कटॉप बरा. खोलीत ऐकायला व्हॉइस प्रीव्ह्यू एडिशन हे होम असिस्टंटचं माइक-स्पीकर असलेलं छोटं यंत्र ठेवा. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड बिघडतं, तेव्हा रास्पबेरी पाय वापरलात तर त्यालाही कार्डाऐवजी एसएसडी डिस्क जोडा. संगणक आणि राउटर दोन्ही यूपीएसवर हवेत. दिवे-प्लग झिगबीचे, म्हणजे इंटरनेटशिवाय घरातल्या घरात वायरलेस जोडले जाणारे, घ्या. कंपनीच्या क्लाउडवर चालणारे नेट गेलं की गप्प बसतात.

शेवटी राउटरमधली इंटरनेटची वायर काढून दिवा लावायला सांगा. लागला, तर ओळखण्याचं काम घरातच होतंय. लांबून दुरुस्ती करायला होम असिस्टंट थेट इंटरनेटवर उघडं टाकू नका, वायरगार्ड हा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) वापरा.

आई सांगते ते निम्म्या वेळा त्याला कळतच नाही.

आधी चूक कुठे होते ते बघा. होम असिस्टंटच्या डीबग (चुका शोधायच्या) पानावर त्याने ऐकलेलं वाक्य दिसतं. वाक्यच चुकीचं असेल तर व्हिस्परची भाषा मराठी अशी पक्की करा. आपोआप ओळखायला ठेवली तर ते मराठीला हिंदी समजू शकतं. यंत्र पंख्याखाली किंवा टीव्हीशेजारी ठेवू नका, आईच्या खुर्चीपासून मीटरभर अंतर पुरे.

वाक्य बरोबर असूनही काम होत नसेल, तर ते तुम्ही शिकवलेलंच नाही. इथेच खरी मेहनत आहे. आई दिव्याला काय म्हणते ते चार दिवस टिपून ठेवा: ‘लाइट लाव’, ‘बत्ती पेटव’, ‘दिवा लावतोस का’. होम असिस्टंटच्या ऑटोमेशनमध्ये वाक्य-ट्रिगर असतो, म्हणजे कोणतं वाक्य ऐकलं की काम सुरू करायचं ते; त्यात हे सगळे पर्याय घाला. जुळणी अक्षरागणिक होते, म्हणून ‘लाइट’ आणि ‘लाईट’ दोन्ही हवेत. आईने यंत्राची भाषा शिकावी ही अपेक्षाच चुकीची आहे. सुरुवातीला दहा-बारा कामं पुरेत.

बाबा बोलता बोलता थांबतात, तेवढ्यात ते ऐकणं बंद करतं.

यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘बोलणं संपल्याची ओळख’ सैल करा, म्हणजे ते जास्त वेळ थांबतं. हाक मारायचे तयार शब्द इंग्रजी उच्चारांवर घडवलेले असतात. ते जमत नसतील तर यंत्रावरचं मधलं बटण दाबून बोलू द्या.

औषधांची आठवण करून द्यायला वापरावं का? बाबांना त्याचा आवाजही नीट समजत नाही.

वयानुसार आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. त्यामुळे स, श, फ पुसट होतात आणि आवाज नुसता वाढवून फारसा उपयोग होत नाही. ठरावीक वाक्यं घरातल्या कुणीतरी खालच्या पट्टीत, सावकाश बोलून रेकॉर्ड करावीत आणि तीच फाइल वाजवावी. कृत्रिम आवाजापेक्षा ती कितीतरी स्पष्ट लागते.

आठवण वाजल्यावर बाबांनी बटण दाबावं. १० मिनिटांत दाबलं नाही तर पुन्हा वाजावं, त्यानंतर तुमच्या फोनवर संदेश यावा. बटण दाबलं म्हणजे गोळी घेतली असं मात्र धरू नका, डबीतले कप्पे मोजावेच लागतात. मात्रेविषयीचे प्रश्न चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलकडे अजिबात सोपवू नका. ते चुकीचं उत्तरही ठामपणे देतं.

आई पडली तर ते मदत बोलावेल?

त्यावर विसंबू नका. पडलेला माणूस दुसऱ्या खोलीत असेल, आवाज क्षीण असेल, वीजही गेलेली असेल. ‘मला मदत हवी’ या वाक्यावर तुम्हाला आणि शेजाऱ्यांना संदेश जाईल अशी सोय जरूर करा. त्याशिवाय न्हाणीघरात आणि पलंगाशी, जमिनीवरून हात पोचेल इतक्या खाली, एकेक झिगबी बटण लावा. ११२ आणि १०८ मोठ्या अक्षरांत फोनजवळ लिहून ठेवा. बटणं दर महिन्याला दाबून बॅटरी तपासा.