स्नायू म्हणजे मसल का नर्व्ह? आणि पेशी, नस, शीर यांचं काय?

कसबा बावड्यातल्या एका दादांनी हा प्रश्न विचारलाय, ते तालमीत पोरांचा व्यायाम घेतात. व्यायामाच्या हिंदी व्हिडिओत मांसपेशी म्हणजे मसल, पण मुलीच्या शाळेच्या पुस्तकात पेशी म्हणजे सेल. त्याच हिंदीत स्नायु तंत्र म्हणजे नर्व्हस सिस्टिम आणि आपण तर स्नायू म्हणजे मसल म्हणतो. डॉक्टर म्हणाले नस दबलीय, घरात आई म्हणतात शीर धरलीय. तर यातलं बरोबर काय, आणि पचनसंस्था, श्वसनसंस्था असं कशाला म्हणायचं, कोल्हापुरात संस्था म्हटलं की लोकांना आधी दूध संस्था आठवते, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न लई चांगला आहे आणि एका ओळीत उरकण्यासारखा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. दादा, तुम्ही मराठीत बोलताय तर स्नायू म्हणजे मसल आणि पेशी म्हणजे सेल, यात शंका घ्यायचं कारण नाही. गोंधळ होतोय तो मराठीमुळं नाही, एकच संस्कृत शब्द प्रत्येक भाषेनं वेगळ्या अवयवाला लावला त्यामुळं होतोय.

स्नायू हा शब्द मुळात मसलचा नव्हताच. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, शरीराची मोजदाद दिलीय, त्यात ३०० हाडं, २१० सांधे, ९०० स्नायू, ५०० पेशी, ७०० सिरा, २४ धमन्या असे आकडे येतात. (हाडांचा आजचा आकडा मोठ्या माणसात २०६, सुश्रुतानं दात वगैरे पण हाडांतच धरलेत.) आता यात स्नायू वेगळे मोजलेत आणि पेशी वेगळ्या, म्हणजे दोन्ही एक नव्हेत हे तिथंच कळतं. पेशी म्हणजे मांसाचे गोळे, आजच्या भाषेत मसल. आणि स्नायू म्हणजे सांधा बांधून ठेवणारे चिवट दोर, ज्याला आपण आज लिगामेंट म्हणतो, थोडंफार टेंडन, म्हणजे मसल हाडाला जोडणारा दोर, पण त्यातच आलं. सुश्रुत दाखला पण नावेचा देतो, की फळ्या भरपूर बंधनांनी आवळून बांधलेली नाव जशी पाण्यात भार पेलते तसं सांध्यांच्या ठिकाणी स्नायूंनी बांधलेलं शरीर भार पेलतं. याच्यापुढं तो जे सांगतो ते तर तालमीतल्या प्रत्येक पोराला सांगावं असं आहे: हाड, पेशी, सिरा, सांधा यांना इजा झाली तर माणसाचं जेवढं नुकसान होत नाही तेवढं स्नायूला इजा झाल्यावर होतं. ज्याचं गुडघ्याचं लिगामेंट कुस्तीत फाटलंय त्याला विचारा. मसलला रक्तपुरवठा भरपूर असतो म्हणून तो लवकर भरून येतो, लिगामेंटला रक्त कमी मिळतं म्हणून त्याला महिने लागतात आणि कधीकधी ऑपरेशनशिवाय भागतच नाही.

मग हा दोर नर्व्ह कसा झाला? तर दिसायला. नर्व्ह पण पांढरट, चिवट, दोरीसारखीच दिसते आणि नुसत्या डोळ्यानं बघितलं तर टेंडन कुठलं आणि नर्व्ह कुठली हे सांगणं सोपं नाही. ही गल्लत फक्त आपल्याकडं झाली असं पण नाही. ग्रीक भाषेत न्यूरॉन या शब्दाचा जुना अर्थ दोर, धनुष्याची दोरी, टेंडन असाच होता, लॅटिन नर्व्हसचं पण तेच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस नावाच्या वैद्यानं शवविच्छेदन करून नर्व्ह ही वेगळी गोष्ट आहे, ती मेंदूशी आणि पाठीच्या कण्यातल्या दोरीशी जोडलेली आहे हे दाखवलं, पण नाव मात्र त्या जुन्या दोराचंच चिकटलं. संस्कृतात पण स्नायूचा एक अर्थ धनुष्याची दोरी होतो. म्हणजे ग्रीकांनी जे केलं नेमकं तेच पुढं बंगाली आणि हिंदीनं केलं, दोराचा शब्द उचलून नर्व्हला दिला. बंगालीत आजही स्नायुतंत्र म्हणजे नर्व्हस सिस्टिमच. हिंदीत शास्त्रीय शब्द आता तंत्रिका तंत्र असा आहे पण पेपरात आणि तेलाच्या बाटल्यांवर स्नायु नर्व्हच्या अर्थानं सर्रास येतो, आणि हिंदी विज्ञानाच्या शालेय पुस्तकात बघाल तर स्नायु म्हणजे लिगामेंट, म्हणजे सुश्रुताचा मूळ अर्थ तिथं अजून टिकून आहे.

मराठी, गुजराती आणि कन्नड दुसऱ्या बाजूला गेल्या. या तिन्हींत स्नायू म्हणजे मसल. सीमाभागात निपाणी-बेळगावकडच्या पाव्हण्यांना विचारून बघा, कन्नडात पण स्नायू म्हणजे मसलच आणि नर्व्हला ते नर म्हणतात. त्यामुळं आपण एकटे चुकतोय असं मनात आणू नका.

आणखी एक, नारू आठवतोय का? जुन्या लोकांना आठवत असेल, पायातून दोऱ्यासारखा लांबच लांब किडा बाहेर यायचा, काडीला गुंडाळत गुंडाळत काढायचे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला स्नायुक म्हटलंय, कारण तोच, दोर. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला त्यामुळं आजच्या पोरांना हे माहीत नाही, पण स्नायू या शब्दात दोर किती पक्का बसला होता याचा याहून चांगला पुरावा मला दिसत नाही.

आता मसलला आपला अस्सल मराठी शब्द कुठला, तर दंडाची बेटकुळी. हात दुमडला की टुणकन वर येते ती. रोमन लोकांना तिथं उंदीर दिसला, लॅटिन मस्क्युलस म्हणजे छोटा उंदीर, मसल हा शब्द त्याच्यावरूनच आलाय. आपल्या लोकांना बेडकी दिसली. मला आपली बेडकी जास्त पटते, दंड हलवला की ती उडी मारल्यासारखीच करते.

पेशीकडं येऊ. मांसाचा गोळा हा अर्थ हिंदीनं मांसपेशी म्हणून तसाच ठेवला. मराठीनं मसलचं काम स्नायूला दिल्यावर पेशी मोकळी झाली आणि ती सेलला बसवली. १६६५ साली रॉबर्ट हूकनं बुचाच्या लाकडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, त्याला त्यात बारीक बारीक खोल्या दिसल्या, म्हणून त्यानं सेल म्हटलं, म्हणजे खोली. हिंदीनं कोशिका, गुजरातीनं कोष, कन्नडनं जीवकोश असे शब्द घेतले, त्यात खोली किंवा पिशवी असा भाव येतो. आपली पेशी त्यामानानं वेगळी वाटते. पण अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश उघडून बघा, सिंहादिवर्गात पक्ष्यांचे शब्द येतात तिथं अंड्याला शब्द दिलेत, पेशी, कोश आणि अंड. म्हणजे हिंदीचा कोश आणि मराठीची पेशी तिथं एकाच ओळीत शेजारी बसलेत! आणि कोंबडीच्या फलन न झालेल्या अंड्यातला पिवळा बलक ही शास्त्राच्या दृष्टीनं खरोखर एक पेशीच असते. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हापासून पेशी हा शब्द कमअस्सल आहे असं कुणी म्हटलं की मी ती ओळ दाखवतो. फक्त गुजराती वाचताना सांभाळा, तिथं पेशी म्हणजे टिश्यू.

टिश्यूला, म्हणजे एकाच कामाच्या पेशींच्या समूहाला, आपण ऊती म्हणतो. पोरांना हा शब्द अवघड वाटतो पण इचलकरंजीच्या माणसाला वाटू नये, कारण ऊत म्हणजे विणलेलं. टिश्यू हा शब्द पण फ्रेंचमधल्या विणलेल्या कापडाच्या शब्दावरूनच आलाय. बिशा नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८०१ च्या सुमारास सूक्ष्मदर्शक न वापरता, नुसतं शवविच्छेदन करून, उकळून, वाळवून, शरीरात २१ प्रकारच्या ऊती आहेत असं मांडलं. आज मुख्य प्रकार ४ धरतात, अभिस्तर (अस्तराची), संयोजी (जोडणारी), स्नायू आणि चेता (नर्व्हची). लिगामेंट, टेंडन, हाड, अगदी रक्तसुद्धा संयोजी ऊतीत येतं. टेंडनला पुस्तकात स्नायुरज्जू किंवा कंडरा म्हणतात, लिगामेंटला अस्थिबंध. म्हणजे सुश्रुताच्या स्नायूचं जे काम होतं त्याला आता मराठीत अस्थिबंध हा वेगळा शब्द आहे.

आता नस आणि शीर, इथं मात्र जरा जपून. बोलीत हे दोन शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात आणि त्यानं खरंच घोटाळा होतो. हातावर निळी दिसते ती शीर, ती रक्तवाहिनी, पुस्तकात तिला शिरा किंवा नीला म्हणतात आणि हृदयाकडून बाहेर जाते ती धमनी किंवा रोहिणी. (नीला नाव असलं तरी रक्त निळं नसतं, लालच असतं, कातडीतून तसं दिसतं. आणि रोहिणी म्हणजे ऑक्सिजनवालं रक्त ही व्याख्या पण पाठ करू नका, फुप्फुसाकडं जाणाऱ्या रोहिणीत कमी ऑक्सिजनचंच रक्त असतं. हृदयाकडून निघाली ती रोहिणी, हृदयाकडं आली ती नीला, एवढंच.) पोटरीत गोळा येतो, कुणी वांब आला म्हणतं, तेव्हा पण लोक शीर चढली म्हणतात पण तिथं आखडलेला असतो स्नायू. पाय मुरगळून घोटा सुजला की शीर दुखावली म्हणतात, तिथं बहुतेक अस्थिबंध ताणलेला असतो. आणि तुमचे डॉक्टर म्हणाले ती दबलेली नस म्हणजे नर्व्ह. कमरेच्या मणक्यातली गादी सरकून नर्व्हच्या मुळावर दाब आला की कळ कमरेतून मांडीमागून पार पायाच्या बोटापर्यंत जाते, मुंग्या येतात, बधिर होतं. ती सायटिक नर्व्ह शरीरातली सगळ्यात जाड नर्व्ह आहे. म्हणून डॉक्टरांकडं गेल्यावर नुसतं शीर धरलीय म्हणून थांबू नका, मुंग्या येतात का, गोळा येतो का, सूज आहे का, कळ कुठनं कुठं जाते ते सांगा. आई म्हणतात ते भाषा म्हणून चूक नाही, आपल्या बोलीत शीर म्हणजे आत ताणल्यासारखं लागणारं जे काही आहे ते सगळं. काळजाचं पण असंच आहे, काळजात धस्स होतं ते हृदय आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की मिळतं ते यकृत, आणि दोन्हीकडं कुणाचं काही अडत नाही. पण दुखणं सांगताना अडतं.

नर्व्हला मराठीत काय म्हणायचं यावर पण दोन पिढ्यांचे दोन शब्द आहेत. जुन्या पुस्तकात मज्जासंस्था, मज्जारज्जू, मज्जातंतू. आताच्या पुस्तकात चेतासंस्था, मेरुरज्जू, चेतापेशी. मी स्वतः चेता वापरतो, कारण मज्जा म्हणजे आयुर्वेदाच्या सात धातूंतली हाडातली मज्जा, मटणाच्या नळीत असते ती, आणि बोन मॅरोला आपण अजून अस्थिमज्जाच म्हणतो. एकच शब्द दोन्हीकडं ठेवला तर ज्या घरात अस्थिमज्जेच्या आजाराचा पेशंट आहे तिथं लोक पाठीच्या कण्याची चौकशी करत बसतात, असं झालेलं मी बघितलंय. पण मज्जासंस्था म्हणणाऱ्याला चूक म्हणू नये, जर्मन भाषेत पण पाठीच्या कण्यातल्या दोरीला पाठीची मज्जा अशाच अर्थाचा शब्द आहे.

राहिला संस्थेचा प्रश्न. पेशी मिळून ऊती, ऊती मिळून इंद्रिय, इंद्रियं मिळून संस्था, संस्था मिळून शरीर अशी पुस्तकातली चढण आहे. सिस्टिम हा ग्रीक शब्द फोडला तर सिन म्हणजे एकत्र आणि पुढचा धातू उभं राहणं, उभं करणं या अर्थाचा. संस्था फोडा, सम् म्हणजे एकत्र आणि स्था म्हणजे उभं राहणं. धातूला धातू, उपसर्गाला उपसर्ग, आणि ग्रीकचा तो धातू आणि आपला स्था हे सख्खे नातेवाईक आहेत. हिंदीचा तंत्र पण छान शब्द आहे, तो ताण्याबाण्याकडून आलाय, पण सिस्टिमला इतका तंतोतंत जुळणारा शब्द आपल्याकडं असताना तो बदलायचं मला तरी काही कारण दिसत नाही. आणि दूध संस्थेचं म्हणाल तर अर्थ तोच की, चार जण एका कामासाठी एकत्र उभे राहिले.

एकत्र म्हणजे एकमेकांना चिकटून असं मात्र नाही. शरीराच्या साधारण ११ संस्था मोजतात, त्यातली पचनसंस्था तोंडापासून गुदद्वारापर्यंत सलग नळी आहे, रक्ताभिसरण पण सलग आहे. पण अंतःस्रावी संस्था, म्हणजे हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींची संस्था, बघा, पियुषिका मेंदूच्या खाली, थायरॉइड गळ्यात, अधिवृक्क मूत्रपिंडांच्या डोक्यावर, एकमेकींना हात लागत नाही, बोलणं होतं ते रक्तातून जाणाऱ्या संप्रेरकांमार्फत, म्हणजे हार्मोनमार्फत. आणि स्वादुपिंड तर दोन संस्थांचा सभासद, पाचकरस आतड्यात सोडतो म्हणून पचनसंस्थेत आणि इन्सुलिन रक्तात सोडतो म्हणून अंतःस्रावी संस्थेत. मुलीच्या पुस्तकात तो दोन धड्यांत दोनदा दिसला तर छपाईची चूक समजू नका.