गोव्यात राहणाऱ्या आई-वडिलांच्या अंत्यविधीसाठी आधीच पैसे भरून ठेवावेत का?

आपले आई-वडील निवृत्तीनंतर पुण्याहून येऊन पर्वरीत सदनिकेत राहतात, आपण दोघे भावंडे परदेशात आहात आणि अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या एखाद्या स्थानिक कुटुंबाकडे आत्ताच नोंद करून पैसे भरून ठेवावेत का, असे आपण विचारले आहे. आमचे कुटुंब पर्वरी ज्यात येते त्या बार्देश तालुक्यात हेच काम करते. आजोबा सुतार होते. ख्रिस्ती शेजाऱ्यांसाठी शवपेट्या करता करता तिरडीचे सामान आले, पुढे शववाहिनी आली. उत्तर आमच्याच गल्ल्याच्या विरोधात जाणारे आहे, तरी स्पष्ट सांगतो: ओळख करून ठेवावी, नावनोंदणी करावी, पण पैसे भरू नयेत.

आमच्यासारख्यांचा सगळा कारभार घरातल्या दोन-तीन माणसांवर चालतो. ती माणसे थकली किंवा पुढच्या पिढीने धंदा सोडला, तर आपल्या हातातल्या पावतीला काही अर्थ उरत नाही, आणि अशा आगाऊ रकमांवर देखरेख ठेवणारा वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. त्यापेक्षा आई-वडिलांच्या संयुक्त खात्यात, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल अशा पद्धतीने, थोडी रक्कम बाजूला ठेवावी. एकट्याच्या नावावरचे खाते मृत्यूची वर्दी जाताच थांबते आणि नामनिर्देशित व्यक्तीलाही मृत्यूचा दाखला मिळेपर्यंत हात लावता येत नाही.

खरी अडचण बहुधा पैशांची नसतेच. ती डॉक्टरांच्या कागदाची असते. इस्पितळात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र तिथूनच मिळते. घरी झाला तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यावे लागते, आणि ज्या डॉक्टरांनी रुग्णाला कित्येक महिने पाहिलेलेच नाही ते सही करायला कचरतात, यात त्यांचा दोष नाही. मग पोलीस, पंचनामा आणि कधी कधी गोमेकॉमध्ये (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) शवचिकित्सा, असा दिवस जातो. म्हणून प्रकृती ठणठणीत असली तरी जवळच्या एकाच डॉक्टरांकडे दोघांचे नियमित जाणे ठेवावे. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, आणि ती राहत्या गावी नव्हे, तर मृत्यू जिथे झाला तिथे.

दुसरी चौकशी स्मशानभूमीची. गोव्यात बऱ्याच गावांतल्या स्मशानभूमी वाड्याच्या किंवा समाजाच्या असतात आणि बाहेरून येऊन सदनिका घेतलेल्यांना तिथे आपला हक्क आहे की नाही, हे ऐनवेळी कळते. पंचायतीत आत्ताच विचारून घ्यावे. विचारल्याने काही अभद्र होत नाही. त्याच वेळी लाकूड कोण पुरवते आणि ते कुठे साठवलेले असते, हेही पाहावे. एका चितेला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागते. ते सुके असेल तर खाली नारळाची सोडणे (सुकी साले) घातली की पेट धरते. आषाढात उघड्यावर भिजलेले असेल तर नुसता धूर होतो, भटजी खोळंबतात आणि शेवटी कोणीतरी डिझेलचा कॅन घेऊन येतो. हे मुलांना पाहवत नाही, म्हणून छपराखालचे लाकूड असलेली जागा थोडी लांब असली तरी मी तीच सुचवतो.

आपण परदेशात असल्यामुळे एक गोष्ट आई-वडिलांशीच बोलून, त्यांच्या सहीने कागदावर आणावी: मुले पोहोचेपर्यंत थांबायचे की नाही, थांबायचे तर किती, आणि कोणी पोहोचू शकले नाही तर अग्नी कोणी द्यायचा. थांबायचे ठरले तर देह इस्पितळाच्या शवागारात ठेवता येतो. आईची इच्छा मुलीनेच अग्नी द्यावा अशी असेल तर तेही लिहावे, कारण त्या प्रसंगी सर्वांत मोठ्याने बोलणारा बहुधा दूरचा काका असतो. नेत्रदानासाठी मृत्यूनंतर सुमारे सहा तासच हाताशी असतात, आणि देहदानाची इच्छा असल्यास गोमेकॉच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे आधी चौकशी करावी. शवचिकित्सा झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही.

या इच्छा मृत्युपत्रात घालू नयेत, कारण ते बहुतेक वेळा दिवसकार्य आटोपल्यावर उघडले जाते. मृत्युपत्र मालमत्तेसाठी ठेवावे, आणि गोव्यातील वारसा कायदा आपल्या कुटुंबाला कितपत लागू होतो, हे इथल्याच वकिलाला विचारावे. इथे वंशजांचा अर्ध्या मालमत्तेवरचा हक्क राखीव असतो, ही गोष्ट पुण्याहून आलेल्यांना सहसा ठाऊक नसते. जीवनरक्षक यंत्रांविषयीचे इच्छापत्र हा तिसराच कागद. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते.

व्यावसायिकाकडे जाल तेव्हा दर लेखी मागा, त्यात लाकूड, शववाहिनी, भटजींची दक्षिणा यांपैकी काय धरले आहे ते विचारा, आणि चतुर्थीच्या दिवसांत रात्री दोन वाजता फोन कोण उचलतो, हेही विचारा. कागदांची एक प्रत आणि आधार कार्डांच्या छायाप्रती शेजाऱ्यांकडे ठेवा, कारण त्या रात्री तुमच्याआधी घरात तेच पोहोचणार आहेत.